गेटपास

घड्याळं आधी गेली.
मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत,
पुण्याहून दोन पोरं आली, इस्त्रीच्या शर्टातली.
कागद ठेवला पुढ्यात : माल परत, एकशे चौदा नग.
मोजले, तर एकशे तेरा.
दोघांनी माझ्या मनगटाकडं बघितलं.
मी घड्याळ घालत नाही.
एकशे चौदावं कपाटामागं सापडलं,
चालू होतं,
दहा मिनिटं मागं.

गेटपास तीन प्रतींत करायचा असतो :
पांढरी कंपनीला,
गुलाबी गेटवर दत्तू पैलवानाकडं,
पिवळी माझ्या फायलीला.
एकोणीस वर्षं राजारामपुरीतल्या या दुकानात
मी माल आत घेतला. त्याचं पुस्तक वेगळं.
बाहेर जाणाऱ्या मालाचं पुस्तक
यंदा दुसऱ्यांदा नवं आणलं, लक्ष्मीपुरीतून.
दुकानदार म्हणाला, जोरात चाललंय की तुमचं!

बूट एका दुपारीत उठले.
माणसं वाईट नव्हती. चहा प्यायली.
"वरनं ऑर्डर आहे, काका."
वर म्हणजे नेमकं कुठं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.
फळ्या त्यांच्या, दिवे त्यांचे,
पुठ्ठ्याची ती हसरी नटीसुद्धा त्यांचीच.
तिला आडवी धरून जिन्यावरून उतरवली,
पाय पुढं करून.
स्क्रू तेवढे आमचे निघाले.
आणि भिंतीतली भोकं.

हाच तो सरकता जिना.
उद्घाटनाला नारळ फोडलेला.
गारगोटीची माणसं चपला हातात घेऊन चढायची त्यावर,
एकदा वर, एकदा खाली, खरेदी नाही काही.
आता वीज परवडत नाही. नुसत्या पायऱ्या.
तरी पहिल्या पायरीवर तोल जातोच,
पायाला अजून वाटतं, आपल्याला कुणीतरी नेणार आहे.

मगदूम शेट गल्ल्यावरच असतात.
"आज-उद्या करतो की हो पेमेंट, माल तेवढा ठेवा."
इतक्यांदा म्हणाले फोनवर,
की रिकाम्या मजल्यावर ते घुमायला लागलं.
मग उठले, उरलेला माल स्वतः पसरला :
बारा शर्टांच्या जागी एक, हात फैलावून.
परकर. रुमाल. शाळेचे मोजे.
"दुकान भरल्यालं दिसलं पायजे."
पुतळे सगळे काचेशी नेले, रस्त्याकडं तोंड करून.
आतून बघावं तर नुसत्या पाठी,
टाचण्यांनी आवळलेल्या.

शेवटी सेंट आणि पावडरी.
रेश्मा नदाफनं काळा कोट काढून दिला,
नावाचा बिल्लाही. नाव तिचं,
पण बिल्ला कंपनीचा.
गेटपासवर लिहिलं : कोट एक, बिल्ला एक.
दत्तूनं पेट्या उचलल्या.
मोडल्या कानाचा गडी, एके काळी आखाडा हलवायचा,
एकेक पेटी तान्ह्या पोरासारखी नेऊन ठेवली टेम्पोत.
"चितपट न्हाई झालो अजून," म्हणाला,
"गुणांवर हरायलोय."

टेम्पो ताराराणी चौकाकडं वळला
तेव्हा दिसलं,
काउंटरवर आरसा राहिला. हातभर, गोल,
कडेला कंपनीचं नाव.
शेट म्हणाले, फोन लावा त्यास्नी.
लावतो, म्हणालो.
लावला नाही.

पिवळी प्रत फायलीला लावत होतो,
तर कागलकडची एक बाई आली, हातात पिशवी.
मजलाभर नजर फिरवली. काही बोलली नाही.
आरशात वाकून कुंकू नीट केलं,
मग दात बघितले,
मग मागं उभी असलेली रेश्मा बघितली, साध्या ड्रेसातली.
"ह्यो कितीला?"
"विकायचा न्हाई, मावशी."
"मग ठेवलाय कशाला?"

रेश्मा हसली. खूप दिवसांनी, कंपनीनं न शिकवलेलं.
बाईनं दोन रुमाल घेतले,
आणि पक्कं बिल मागितलं.